पालथ्या पानांची लिली

आधीच सांगून टाकतो, मी थापाड्या माणूस आहे. काळाचौकीला आमच्या चाळीत कुणालाही विचारा, भिवा माळी कुठे राहतो. खोली दाखवतील आणि वर म्हणतील, "निम्मंच ऐका हां." महापालिकेच्या बागांमध्ये मी चौतीस वर्षं काढली. एका बागेतली बोगनवेल मी नावाने हाक मारली की कंपाउंडवरून खाली उतरायची, असं मी आजवर सांगत आलोय, आणि उतरायचीच ती. पण आज जे सांगणार आहे त्यात माझ्या पदरचं फार थोडं आहे. लिहायला बसलो तेव्हा आमची शैला म्हणाली, "अहो, खोटं बोलताना तुमचे कान हलतात. आज हलत नाहीयेत. बरं नाही का वाटत?"

गोष्ट आहे रघूची. रघू शीव कोळीवाड्यातला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या बागेतल्या गुलाबांना मासळीचं खत हवं होतं म्हणून मी गोणपाट घेऊन कोळीवाड्यात गेलो. हा ओट्यावर जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "ने, पण जपून. मागे एकाने हे खत घातलं तर गुलाबाला खवले आले."

मी गोणपाट खाली ठेवलं. म्हटलं, "ते आमच्याच बागेत. रोज सकाळी गुलाब खरवडतो आणि मगच साहेबांच्या टेबलावर ठेवतो."

त्याने जाळं बाजूला सारलं, मला नीट पाहिलं आणि आत बायकोला हाक मारली, "तुळसा, दोन चहा टाक. पाहुणा आलाय."

तेव्हापासून दर रविवारी मी त्याच्या ओट्यावर. तो समुद्राची सांगणार, मी मातीची. नियम एकच होता. समोरच्याची थाप कितीही मोठी असो, तिच्यावर चढती थाप मारायची. 'खोटं' हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल तो हरला, आणि हरणाऱ्याने स्वतःच्या हाताने चहा करून पाजायचा. बायकोला सांगायचं नाही. चाळीस वर्षांत मी सहा वेळा हरलो. रघू गेल्या वर्षापर्यंत एकदाच हरला होता. आणि मजा अशी की तेव्हा मी खरं बोलत होतो.

त्याचं असं झालं. शहाऐंशी साली खात्याने आम्हा चार माळ्यांना उटीच्या पुष्पप्रदर्शनाला पाठवलं होतं. तिथे एका कोपऱ्यात मी एक लिली पाहिली. पार दक्षिण अमेरिकेतली, पेरू देशाची. गुडघाभर उंच. पानांना दुधाच्या सायीसारखी किनार. आणि ती पानं पालथी! म्हणजे कोंबातून पान निघतं ते चारचौघांसारखंच, पण जरा मोठं झालं की स्वतःच्या देठाला पीळ घालतं आणि उलटं होतं. तोंड जमिनीकडे, पाठ आभाळाकडे. एक नाही, दोन नाही, झाडावरचं पानन् पान. मी वाकून देठ पाहिला, खरंच पीळ होता. कुणी शिकवलं नाही, कुणी दोरा बांधला नाही. तिथे उभ्या उभ्या माझ्या अंगावर काटा आला. मी माळी असून मला ठाऊक नव्हतं की झाड असंही वागू शकतं.

परत येऊन मी रघूला सांगितलं. काही न वाढवता. तो ऐकत राहिला, ऐकत राहिला, आणि म्हणाला, "खोटं!"

म्हणून तो चहा मी जिंकला. पण प्यायलो तेव्हा गोड लागला नाही. आयुष्यात एकदा खरं सांगितलं आणि नेमकं तेच खोटं ठरलं.

आता गेल्या वर्षाकडे या. रघूची बोट जुनी झाली होती. मुलगा दिनेश विम्याच्या कचेरीत, गळ्यात ओळखपत्र अडकवून जाणारा. तो काही समुद्रावर जायचा नव्हता. पाऊस संपल्यावर बोट किनाऱ्यावर ओढून मोडायला घेतली. रघू दिवसभर समोर बसून होता. एकेक फळी निघताना पाहत होता. संध्याकाळी घरी आला, खाटेवर पडला, भिंतीकडे तोंड केलं, आणि त्यानंतर बोललाच नाही.

राग नाही, रडणं नाही, नुसता गप्प. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. "गळा शाबूत आहे, जीभ शाबूत आहे," म्हणाले. जेवण दिलं तर जेवायचा, अंघोळीला नेलं तर जायचा. बाकी तोंड भिंतीकडे. चार रविवार मी त्याच्या पाठीला थापा मारल्या. परळच्या बागेत कमळावर बेडकांनी मंडळ कसं स्थापन केलं आणि वर्गणीवरून ते कसं फुटलं, इतकी घसघशीत थाप मी वाया घालवली. एकट्याने कॅरम खेळल्यासारखं वाटलं.

चौथ्या रविवारी तुळसा मला पोचवायला गल्लीच्या टोकापर्यंत आली. ती शीवला मासळी विकते, तिचा आवाज दोन स्टॉपांवर ऐकू जातो. पण त्या दिवशी हळू बोलली.

"भिवादादा, त्याला भांडायला तरी उठव रे. मला शिव्या दिल्या तरी चालतील. घरात माणूस आहे की उशी, तेच कळत नाही."

बसमध्ये मी विचार करत आलो. रघूला उठवील असं माझ्यापाशी काय आहे? थापा तर संपल्या होत्या. उरली होती ती एकच गोष्ट, त्याने खोटी म्हटलेली.

आमची सीमा निलगिरीत कुन्नूरला नर्स आहे. तिला फोन केला. म्हणाली, "बाबा, आमच्या हॉस्पिटलच्या बागेत आहे ती लिली. पण मुंबईत जगणार नाही, उगाच हट्ट करू नका." आठ दिवसांत बिस्किटाच्या डब्यातून कंद आले. डबा उघडला तर भुशात पांढरी, जाड बोटं. माणसाच्या हाताची वाटावी अशी, आणि तितकीच नाजूक. जरा वाकडं धरलं की काडकन मोडतात. शैलाने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "कुणाची बोटं मागवलीत?"

मध्ये दिनेशने बापाला मोबाईलवर त्या लिलीचा व्हिडिओ दाखवून पाहिला होता. रघूने एकदा पाहिलं आणि परत भिंतीकडे वळला. रघूचं तरी काय चुकलं? मोबाईलवर आजकाल काहीही दाखवतात.

आता या लिलीचा स्वभाव सांगतो. हिचं डोकं उन्हात चालतं, पाय मात्र गार लागतात. माती तापली की ही फुलायचं विसरते, नुसती पानं काढत बसते. आमच्या चाळीच्या गॅलरीत दुपारी चप्पल काढून उभं राहता येत नाही, तिथे हिचा काय निभाव लागणार? पण गारव्याचं काम मुंबईत कोळणीइतकं कुणाला कळतं?

मी तुळसाकडे गेलो. "वहिनी, पेरूची लिली लावायचीय. बर्फ लागेल."

"पेरूला लिली येते?"

"देशाचं नाव आहे ते."

"मग देशातच ठेवायची ना," ती म्हणाली, आणि दोन थर्माकोलच्या पेट्या काढून दिल्या. सुरमई ठेवायच्या, कितीही धुतल्या तरी वास जाईना. लहान पेटीत मी वाळू, पालापाचोळ्याचं खत आणि लाल माती भरली, कंद वीतभर खोल आडवे निजवले. ती पेटी मोठीच्या आत ठेवली. दोन्हींच्या मधल्या फटीत रोज सकाळी बर्फाचा चुरा. बर्फ वितळला की पाणी खालच्या भोकातून बाहेर. मातीला बर्फ लागायचा नाही, फक्त गारवा. पेटी ठेवली रघूच्या दारात, ओट्यावर, सकाळचं ऊन पडतं तिथे. खाटेवरून मान वळवली तर दिसावी अशी.

वासाने कोळीवाड्यातली मांजरं जमा झाली. पहिल्या दिवशी सात होती. ती पेटीसमोर रांगेत बसायची आणि मासळी कधी उगवते याची वाट बघायची. डिसेंबरात कोंब आले, पानं फुटली, आणि पानं पालथी होऊ लागली. तेव्हा त्यातलं एक काळं मांजर पाठीवर आडवं झालं आणि चार पाय वर करून बघायला लागलं, म्हणजे त्याला सरळ दिसावं. हे तुम्हाला पटणार नाही. न पटू दे, ते मांजर अजून आहे.

चौदा कोंब होते. प्रत्येकाला सायीची किनार. मी रविवारी जायचो, बाकीचे दिवस तुळसा बर्फ भरायची. रघू भिंतीकडेच.

जानेवारीतल्या एका रविवारी गेलो तर पाहतो काय! पानांची टोकं तपकिरी, कोंब माना टाकून पडलेले. मातीवर पांढरा पापुद्रा आला होता. मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. माळ्याला लाज नसते. खारट! मिठागरासारखी खारट.

"वहिनी!" मी ओरडलो. "मातीत मीठ कुणी घातलं?"

तुळसा हातात सुरी घेऊनच बाहेर आली. "मी कशाला घालू? मी तर मधल्या फटीत बर्फ भरते, तू सांगितलास तसा."

"मग दिनेशने?"

"त्याला घरात मीठ कुठे ठेवलंय हे तरी ठाऊक आहे का?"

मी मातीत बोट घातलं. पापुद्र्याखाली बर्फाचा थर, त्याखाली जाड्या मिठाचे खडे, परत बर्फाचा थर. नीट, हाताने बसवल्यासारखे, कडेला दाबून, मध्ये थोडे उंच. असे थर मी आयुष्यात एकाच माणसाला लावताना पाहिले होते. चार दिवस समुद्रावर राहायचं असलं की रघू बोटीच्या खणात मासळी अशीच भरायचा. बर्फ, मूठभर मीठ, बर्फ. मीठ असलं की गारवा वाढतो, म्हणायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

तुळसाच्याही ते त्याच वेळी लक्षात आलं. आम्ही दोघांनी दारातून आत पाहिलं. रघू भिंतीकडे तोंड करून पडलेला. पण त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. आणि पाठीमागे टाकलेला हात बर्फात काम केलेल्या माणसाचा असतो तसा लाल.

म्हणजे तुळसाची पाठ वळली की हा उठत होता. दाराशी येत होता. पेटी सुरमईची, जवळ बर्फ. हाताने आपलं काम केलं. किंवा कुणास ठाऊक, झाड उन्हात तापेल असं त्याला वाटलं असेल.

तुळसाने तोंडात पदर कोंबला. "उठला," ती म्हणाली. "भिवादादा, हा उठतोय रे." आणि ती तिथेच ओट्यावर बसून हसायला लागली, रडायलाही लागली. माझं झाड समोर मरत होतं आणि मी मूर्खासारखा तिच्याबरोबर हसत होतो.

पण झाड मेलं असतं तर? तो उठला होता, बोलला नव्हता. आणि स्वतःच्या हाताने मारलेल्या झाडापुढे तो पुन्हा कधी आला असता? एक बोट त्याने मोडताना पाहिली होती, तेवढी पुरे होती.

मग आम्ही धावलो. कंद एकेक करून बाहेर काढले, नळाच्या गोड पाण्याने धुतले. माती फेकली, नवी भरली. तुळसाने त्या दिवशी धंदा बुडवला. चौदांतले अकरा मऊ पडून गेले, तीन उरले. पंधरा दिवसांनी त्यातले दोन जोराने वर आले, पण पूर्ण हिरवे! किनार नाही, काही नाही. तिसरा बारीक, फिकट, पण सायीच्या किनारीचा.

असं होतं या जातीत. एखादा कोंब आपली नक्षी विसरतो आणि हिरवा होतो. हिरव्याला ताकद जास्त, तो सगळं खाऊन टाकतो आणि नक्षीवाला मरतो. म्हणून हिरवा दिसला की काढायचा. तोही कापायचा नाही; बुडाशी धरून एक झटका देऊन उपटायचा, म्हणजे कंदापासून सुटतो.

तुळसा माझ्या अंगावर धावून आली. "तीन जगले त्यातले दोन धट्टेकट्टे उपटणार, आणि रोगी ठेवणार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तो रोगी नाही, वहिनी. तसाच असतो तो."

"आणि तो एकटा मेला तर?"

चौतीस वर्षांत हजार झाडं उपटली असतील, पण त्या दिवशी माझी बोटं पुढे जाईनात. मग मी पेटी उचलली, आत नेली आणि खाट आणि भिंतीच्या मधल्या जागेत ठेवली. रघूच्या नाकासमोर. म्हटलं, "दोन हिरवे काढायचेत. बुडाशी धरून, झटका देऊन. माझा हात धजत नाही आता. तुझा तू बघ." आणि बाहेर येऊन बसलो.

मग खाट करकरली. आणि मग दोनदा, अगदी बारीक, टप्, टप्. माशाच्या जबड्यातून गळ सोडवताना येतो तसा. आत पाहिलं. रघू पेटीसमोर उकिडवा बसला होता. दोन हिरवे कोंब बाजूला नीट मांडलेले. फिकट कोंबाभोवतीची माती तो अंगठ्याने दाबत होता.

त्या दिवसापासून बर्फ तोच भरायला लागला. मधल्या फटीत, मीठ न घालता. मांजरांना हाकलायचा, तेही तोंड न उघडता, नुसता हात उगारून. मी बोलायचो, तो ऐकायचा. पाठीने नाही, तोंडाने ऐकायचा. पण शब्द काही फुटेना.

फेब्रुवारी सरला. ऊन चढायला लागलं. एकदा होळी झाली की मुंबईच्या उन्हापुढे बर्फाचंही चालत नाही, हे तुळसा मला रोज फोनवर सांगायची. "दादा, बर्फ दुपारपर्यंत पण टिकत नाही आता." कोंब वाढून गुडघ्याएवढा झाला होता, पानं एकेक करून पालथी पडत होती, पण कळी नव्हती. कळी नाही म्हणजे माती तापली, आणि माती तापली तर संपलंच. रघू दिवसातून तीनदा बर्फ बदलू लागला. आपल्या पंख्याचं तोंड त्याने पेटीकडे वळवलं. दुपारी स्वतः घामाने निथळत बसायचा.

होळीच्या आधी आठ दिवस तुळसाचा फोन. "टोकाला काहीतरी आलंय. मुगाच्या दाण्याएवढं." मग वाटाण्याएवढं. मग बोराएवढं, आणि त्याला रंग दिसायला लागला.

होळीच्या सकाळी मी पोचलो तेव्हा कोळीवाड्यात लाकडं रचायची गडबड होती. बायका नटून निघाल्या होत्या, बँड वाजत होता. आणि रघूच्या ओट्यासमोर मात्र माणसं गप्प उभी होती. कोळीवाड्यात माणसं गप्प उभी! हे मी थाप म्हणून सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं.

फूल उमललं होतं.

ते कसं होतं ते मला धड सांगता येणार नाही. तोंडात इतके शब्द बाळगणारा माणूस मी, पण तिथे माझी पिशवी रिकामी झाली. सहा पाकळ्या. बाहेरच्या फिकट गुलाबी, पहाटे समुद्रावर काही क्षण दिसतो तसा रंग. आतल्या दोन वरच्या पाकळ्या पिवळ्या, आणि त्यांच्यावर तपकिरी रेघा, कुणी बारीक टाकाने एकेक ओढलेल्या. एकही रेघ दुसरीला चिकटलेली नाही. वास काहीच नाही. सुरमईच्या पेटीतून, बर्फातून, मिठातून वर आलेलं, आणि अंगावर एक डागही नाही. खाली ती पानं, दुधाळ काठाची, सगळी पालथी, जणू फुलाकडे वर बघायची हिंमत होत नाही म्हणून तोंड खाली घातलेलं. म्हातारी माणसं हात जोडून उभी होती. माझेही हात जोडले गेले होते, कधी ते कळलं नाही.

रघू पेटीजवळ बसला होता. मी त्याच्या शेजारी टेकलो. म्हटलं, "फुलाचं सोड. पान बघ."

त्याने एक पान दोन बोटांत धरलं. जाळ्याचा धागा तपासावा तसा देठावरून अंगठा फिरवला, आणि पिळाशी थांबला. पान हलकेच सरळ केलं, तोंड वर. धरून ठेवलं. सोडलं. पान हळूच वळलं आणि परत पालथं झालं. त्याने पुन्हा सरळ केलं. ते पुन्हा वळलं. बँड कुठेतरी लांब वाजत होता. तुळसा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

रघूचे ओठ हलले. घशातून गंज खरवडल्यासारखा आवाज आला. मग तो माझ्याकडे वळला, सरळ डोळ्यांत बघत म्हणाला,

"खोटं."

पाच महिन्यांनी निघालेला पहिला शब्द. समोर झाड, हातात पान, आणि म्हणतोय खोटं!

मी उडालोच. "हरलास! रघ्या, हरलास तू! चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा! चहा पाज!"

तुळसा आत धावली स्टोव्ह पेटवायला. रघूने हात वर केला. "थांब," म्हणाला. "नियम आहे." आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. पातेलं शोधायला त्याला वेळ लागला, साखरेचा डबा तुळसाने लांबूनच बोटाने दाखवला. तीन कप घेऊन तो बाहेर आला, ओट्यावर बसला, पाठ भिंतीला आणि तोंड गल्लीकडे. एक घोट घेतला. आवाज अजून फाटका होता.

"आता माझी पाळी," तो म्हणाला. "ती बोट मोडत होते ना, तेव्हा तिच्या बुडाशी एक मासा चिकटलेला होता. हा एवढा. पालथा..."

पुढचं सांगत नाही, ती थाप त्याची आहे. चहा गार होईपर्यंत चालली. चढती थाप मला त्या दिवशी सुचली नाही; म्हटलं, असू दे.

फूल बारा दिवस टिकलं. मग ऊन जिंकलं, पानं सुकली. कंद आता तुळसाच्या पलंगाखाली भुशात निजलेत. माझ्यावर विश्वास नसेल तर डिसेंबरात शीव कोळीवाड्यात जाऊन पानं बघून या. कुठलं घर ते विचारू नका; ज्या ओट्यापुढे काळं मांजर पाठीवर पडलेलं दिसेल, तेच. फक्त बर्फाला हात लावू नका. रघू लावू देत नाही.